जिथे पूर्व नसते तिथला चंद्रोदय

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणूनच वाचत आले. पिंपळाखाली बाई दिसली, घाटात गाडी आपोआप थांबली, विहिरीतून कोणी हाक मारली... आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही हे मोठ्याने वाचायचो आणि मी प्रत्येक भुताला एकेक शास्त्रीय कारण चिकटवून मोकळी व्हायचे. मी मोताळ्याजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. देवाला हात जोडते, पण नवस, उपास, दृष्ट, मुहूर्त यांतलं काही मानत नाही. आजही मानत नाही असंच म्हणेन. त्यामुळे "बाई, शिक्षिका असून हे काय लिहिता" असं पत्र कोणी पाठवू नये ही विनंती. ते पत्र मी स्वतःला मनातल्या मनात कितीतरी वेळा लिहून झालंय.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. माझ्या अनुभवात अंधार नाही. अमावस्या नाही, कुत्र्यांचं रडणं नाही, पायवाट नाही. अख्ख्या विमानप्रवासात सूर्य मावळलाच नाही... भुताखेतांना लागणारी एकही सोय तिथे नव्हती.

तर झालं असं. माझी नणंद प्रीती कॅलिफोर्नियात असते. तिला दिवस गेले होते. याआधी दोनदा तिचा गर्भ राहिला नव्हता, त्यामुळे या वेळी घरात सगळेच जपून बोलायचे. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, लगेच गणपतीला बोलून टाकलं, की पोरगी सुखरूप मोकळी होईपर्यंत दर संकष्टी निर्जळी करीन. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, आणि रात्री चंद्र बघून, त्याला अर्घ्य देऊन मगच तोंडात घास. आईंचं वय सत्तरीच्या आसपास, आणि त्यांना शुगर. आमच्या डॉक्टरांनी समजावलं, मग ते रागावले, मग हात टेकले. मीही दोन-चारदा तोंड घालून पाहिलं. आई कोणाशी भांडत नाहीत. नुसत्या ऐकून घेतात आणि आपल्याला हवं तेच करतात.

बाळंतपण जूनच्या मध्यावर होतं. माझ्या नवऱ्याला पेरणी सोडून जाता येईना, आणि आमच्या विदर्भातल्या शाळा जून संपता संपता उघडतात, म्हणून आईंबरोबर जायचं माझ्याकडे आलं. जावईबापूंनी तिकडूनच तिकिटं काढली. दिल्लीहून थेट सॅन फ्रान्सिस्को, मध्ये कुठे बदलायचं नाही, म्हाताऱ्या माणसाला त्रास नको. सगळं उत्तम. फक्त तिथी कोणी पाहिली नाही. आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर चतुर्थीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळसुद्धा छापलेली असते. पण अमेरिकेत बसून तिकीट काढणाऱ्या माणसाला ती भिंत कुठून दिसणार?

मेचं पान उलटल्यावर आईंनाच पहिल्यांदा दिसलं, की प्रवास नेमका संकष्टीला आहे. नवरा तिकीट बदलू म्हणाला. आई मात्र अगदी निवांत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की विमान तर ढगांच्याही वर जातं, तिथून चंद्र उलट लवकर आणि स्वच्छ दिसेल, फक्त मला खिडकीजवळ बसवा. हे ऐकून मला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. तळणीचे मोदक स्टीलच्या डब्यात, दुर्वा ओल्या फडक्यात, आणि पूजेची सुपारी कमरेच्या पिशवीत, अशी त्यांची तयारी झाली. मी त्यांच्यासाठी उजवीकडची खिडकी मागून घेतली. चंद्राचा विचार तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हता. उजवीकडे ऊन कमी लागेल, एवढाच हिशोब केला होता.

मलकापूरहून भुसावळ, तिथून दिल्ली. रेल्वेत आईंचं रात्रीचं जेवण धड झालं नाही. अर्धी पोळी खाल्ली असेल. शुगरची गोळी मात्र त्यांनी नेमाने घेतली, आणि माझंही तिकडे लक्ष राहिलं नाही. सकाळी दिल्लीत एका लॉजवर अंघोळ करून त्यांनी सुपारीची पूजा केली आणि उपास धरला. दुपारी विमान सुटलं.

आजवर आईंनी विमान कधी आतून पाहिलं नव्हतं, पण घाबरणं वगैरे काही नाही. पट्टा लावला, पदर सारखा केला, आणि खिडकीला तोंड लावून बसल्या. आमच्या शेजारच्या तिसऱ्या सीटवर एक गृहस्थ होते. ते डोळ्यांवर पट्टी लावून जे झोपले ते थेट उतरायच्या वेळीच उठले, म्हणून त्यांचा या गोष्टीशी काही संबंध नाही.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यात आपलं विमान सरळ वर वर चाललेलं. आईंनी विचारलं, की अमेरिका मावळतीकडे आहे म्हणतात, मग हा गडी हिमालयाकडे काय म्हणून निघालाय? झालं! मला वर्गच मिळाला. मी माझी मूठ त्यांच्यापुढे धरली. या बाजूच्या बोटाच्या पेरावर आपलं मोताळं, पलीकडच्या बाजूला प्रीतीचं गाव. नकाशा कागदावर सपाट असतो म्हणून आडवी वाट जवळची वाटते, पण पृथ्वी गोल आहे, त्यामुळे मुठीच्या टोकावरून पलीकडे उतरलं की सगळ्यांत जवळ. आणि ते टोक म्हणजे उत्तर ध्रुव. आईंनी माझी मूठ हातात घेऊन दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली आणि मान हलवली. वर्गातली पोरं इतक्या लवकर मान हलवत नाहीत.

मग मी सुटलेच. उत्तर ध्रुवावर जमीन नाही, हे सांगितलं. दक्षिण ध्रुवाखाली अख्खा खंड आहे, अंटार्क्टिका, त्याच्या अंगावर बर्फाचा थर. इकडे मात्र नुसता समुद्र, आर्क्टिक महासागर, वरून गोठलेला, आणि खाली चारेक किलोमीटर खोल पाणी. पेंग्विन तिकडचा, पांढरं अस्वल इकडचं, दोघांची आयुष्यात गाठ पडत नाही. आर्क्टिक वृत्ताच्या पुढे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तो क्षितिजावरून गोल गोल फिरतो. आई ऐकत होत्या. सैबेरिया संपला, किनारा मागे पडला, आणि खाली बर्फ सुरू झाला.

तो बर्फ मी पंचवीस वर्षं शिकवत आले होते... पण मी काहीच शिकवलं नव्हतं, असं वाटलं. पांढरं, पांढरं, डोळा जाईल तिथवर पांढरं, आणि त्याला काळ्याशार लांब भेगा. मध्येच निळ्या पाण्याची डबकी. सूर्य विमानाच्या डाव्या अंगाला पुढे होता, आणि त्याचं तिरपं ऊन त्या सगळ्या पसाऱ्यावर पडलेलं. कुठे घर नाही, झाड नाही, धूर नाही. माझे डोळे भरून आले. आई म्हणाल्या, "हे तं आपलं वावरच हाय वं. उन्हाळ्यात भेगा पडलेलं... फकस्त पांढरं." मोताळ्याच्या काळ्या जमिनीला एप्रिल-मेमध्ये ज्या भेगा पडतात, तशाच होत्या त्या, अगदी तशाच. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं त्यांच्या.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग आईंनी विचारलं, की तुझ्या त्या टोकावर उगवत कोणती आणि मावळत कोणती? मी म्हटलं, ध्रुवावर पूर्वही नसते आणि पश्चिमही नसते. तिथे उभं राहिलं की चारी बाजूंना फक्त दक्षिण.

आईंनी खिडकीवरून तोंड वळवलं. दक्षिण तर यमाची दिशा, हे त्या बोलल्या नाहीत, पण आमच्या घरात दक्षिणेकडे पाय करून कोणी झोपत नाही, त्यामुळे मला ते कळलं. त्यांनी वेगळंच विचारलं.

"मंग चंद्र उगवन कुठून?"

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मास्तरकी एकदा अंगात आली की थांबत नाही. मी सांगून टाकलं, की पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र सूर्याच्या साधारण समोरच्या बाजूला असतो. जूनमध्ये सूर्य इकडे जितका वर, तितका तो चंद्र खाली. म्हणून या दिवसांत ध्रुवाकडे तो क्षितिजाच्या वर येतच नाही, खालूनच फिरतो. आणि बोलता बोलता मलाच उमगलं की मी काय बोलून बसले आहे. पुढे कॅनडावर आपण पोचू तेव्हा तिथे दिवस असेल, प्रीतीच्या गावी उतरू तेव्हा संध्याकाळ. म्हणजे चंद्र दिसणार तो थेट तिथल्या रात्री, उशिरा. आईंचा उपास दीड दिवसावर जात होता.

आईंनी एवढंच म्हटलं, की बरं. आणि डोळे मिटून बसल्या.

पुढच्या काही तासांचं मला नीट सांगता येणार नाही. जेवणाचे ट्रे आले, मी माझा परत पाठवला. उपास म्हणून नव्हे... निर्जळी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसून पनीर खावंसं वाटेना, इतकंच. सकाळीही दिल्लीत धावपळीत चहाच झाला होता. आईंनी मध्ये एकदा डोळे उघडून विचारलं, जेवलीस का? मी हो म्हटलं. मग दिवे मंद केले, सगळ्यांनी खिडक्यांची झापडं खाली ओढली आणि दिवसाढवळ्या विमानात रात्र झाली. आमची खिडकी मात्र उघडी होती. आईंच्या मनगटावरचं घड्याळ भारतातल्या वेळेवर होतं. ते दहाच्या जवळ आलं होतं तेव्हा माझा हात त्यांच्या हाताला लागला, आणि तो हात घामाने थंड होता.

कपाळावर घाम, बोटं थरथरतायत, ओठ पांढरे. मी आईंना हाक मारली तर त्या माझ्याकडे बघून प्रीती म्हणाल्या. शुगर खाली गेली की माणूस कसा दिसतो हे मी घरात एकदा पाहिलेलं आहे. मी वर हात करून घंटा दाबली. एक तरुण एअर होस्टेस आली, तिने बघितलं आणि धावत जाऊन संत्र्याचा रस आणला. आईंनी ओठ मिटून घेतले. ती हिंदीत विनवायला लागली, मी मराठीत. तिने विचारलं, विमानात कोणी डॉक्टर आहे का म्हणून पुकारायचं का? मी म्हटलं पुकारा, पण यांना आत्ता साखर हवी आहे, डॉक्टर येऊनही तेच सांगेल. पुकारून झालं, कोणी उठलं नाही. आणि तेवढ्यात मनात आलं, की यांचं काही बरंवाईट झालं तर हे विमान उतरणार कुठे? काही तासांपूर्वी मीच ऐटीत सांगितलं होतं, की इथे जमीन नाही. त्या वेळी मला खरी भीती वाटली. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटलेली नाही.

मी शेवटचा उपाय काढला. आभाळ भरलेलं असतं तेव्हा आपण कॅलेंडरातली वेळ बघून उपास सोडतोच की. मोताळ्यात आता चंद्रोदय होतोय, घड्याळ बघा, दहा वाजत आले, सोडा. आईंनी डोळे उघडले. शब्द अडखळत येत होते, पण डोकं ठिकाणावर होतं.

"ढगाच्या मांगं तो असते, पोरी. दिसत नाई, पन असते. इथं तं तो हायच नाई... तूच सांगतलं न मले."

त्यांचं बरोबर होतं. माझाच भूगोल मला आडवा आला होता.

मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि मनाशी ठरवलं, की आता जबरदस्तीने तोंडात कोंबायचा. पाप लागलं तर मला लागू दे. एका हातात मोदक घेतला आणि दुसऱ्या हाताने त्यांची हनुवटी धरली. आईंनी माझं मनगट पकडलं. त्या थंड, घामेजल्या हातात इतका जोर कुठून आला ते कळलं नाही. आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर बाजूच्या खिडकीतून बाहेर लागली होती.

"आला, पाह्य," त्या म्हणाल्या.

मी वाकून खिडकीबाहेर बघितलं. आणि बर्फाच्या कडेवर चंद्र होता.

मी जसं दिसलं तसंच लिहिते. बर्फ जिथे आकाशाला टेकतो त्या रेघेच्या थोडा वर. मोठा, पिवळा, हळदीचा हात लागावा तसा. आकाश लख्ख उजेडाचं, फिकट निळं, त्यात तो. पूर्ण गोल नव्हता, चतुर्थीचा होता, वरच्या बाजूने चेपलेला. मी डोळे मिटले, उघडले. तो होता. माझं तोंड उघडं राहिलं असावं, कारण होस्टेस वाकून आमच्या दोघींच्या मधून बाहेर बघायला लागली. आणि रोज बघितल्यासारखं साधेपणाने म्हणाली, "लीजिए आंटीजी, चाँद भी आ गया. अब तो खा लीजिए."

आईंनी हात पुढे केला. होस्टेसने कागदी कपात पाणी दिलं. आईंनी दुर्वांची जुडी त्यात बुडवली, खिडकीकडे तोंड करून दोन थेंब तळहातावर सोडले, कपाळाला लावले. सगळं इतकं नीट, इतकं सावकाश, जणू त्या आमच्या अंगणात उभ्या आहेत. मी चिडून रडत होते, आई, खा आता, खा. त्यांनी माझ्या हातातला मोदक घेतला, थरथरत्या बोटांनी मोडला, आणि पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. मला वाटलं, साखर उतरल्यामुळे त्यांना सुधरत नाहीये. मी ओरडलेच, की आधी तुम्ही! मग त्यांनी खाल्ला. एक, मग दुसरा, मग तो संत्र्याचा रस. थोड्या वेळाने ओठांवर रंग आला. हात कोमट झाला. त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

मी पुन्हा खिडकीकडे बघितलं तेव्हा तिथे बर्फ होता, आकाश होतं, आणि काही नव्हतं.

आता तुमच्या मनात जे येतंय ते सगळं माझ्या मनात येऊन गेलंय. पहिलं म्हणजे आतल्या दिव्याचं काचेतलं प्रतिबिंब. पण आमच्या डोक्यावरचे दिवे बंद होते आणि प्रतिबिंब डोकं हलवलं की हलतं. मी हलून पाहिलं होतं. दुसरं, बर्फाळ हवेत सूर्याभोवती खोटे सूर्य दिसतात, तेजाचे ठिपके. मी ते शिकवते. पण ते सूर्याच्या आजूबाजूला असतात आणि सूर्य आमच्या डाव्या अंगाला होता, आम्ही उजवीकडून बघत होतो. तिसरं, मीही दिवसभर उपाशी होते, माझंच डोकं फिरलं असेल. मान्य. पण त्या होस्टेसने तर पोटभर जेवण केलेलं असणार. उतरताना मी तिला गाठून मुद्दाम विचारलं, की तुम्हाला खरंच दिसला ना? ती हसली, म्हणाली, हो, का? तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतंच. चंद्र आकाशात असतो, दिसला.

परत आल्यावर मी जळगावच्या एका ओळखीच्या सरांना विचारलं, ते आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतात. त्यांनी कॉम्प्युटरवर ती तारीख, ती वेळ आणि तो भाग घालून पाहिलं. चंद्र क्षितिजाच्या बराच खाली होता. दिशा विचाराल तर आमच्याच खिडकीच्या बाजूला, पण खूप खाली. विमान कितीही उंच असलं तरी दिसणं शक्य नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला ते आधीच माहीत होतं.

मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली, जी मला घरी आल्यावर सुचली होती. चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. आमच्या खिडकीतून पाहताना विमानाचं नाक डावीकडे येतं आणि सूर्य त्याच अंगाला पुढे होता. म्हणजे काही चमत्कार होऊन खरा चंद्र तिथे वर आलाच असता, तर तो डावीकडून उजळ आणि उजवीकडून कापलेला दिसायला हवा होता. आम्ही पाहिला तो वरून चेपलेला होता, खालून भरलेला. चतुर्थीचा चंद्र तसा दिसतो तो आपल्याकडे, उगवताना. सूर्य तेव्हा पायाखाली असतो म्हणून. मोताळ्यात आमच्या गच्चीवरून, पूर्वेला, त्या रात्री त्याच सुमाराला तो जसा वर येत होता, तसा. सरांनी चहा मागवला आणि विषय पेरणीवर नेला.

प्रीतीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आईंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्या दिवसापासून त्यांची ती कडक संकष्टी संपली. आता त्या दुपारी भगर खातात, आणि गोळी बुडवायची की घ्यायची ते डॉक्टरांना विचारतात.

पण मला चैन नव्हतं. तिथे असतानाच एका सकाळी, प्रीती आणि बाळ झोपलेली असताना, मी आईंना स्वयंपाकघरात धरलं. त्या बाळंतिणीसाठी डिंक तळत होत्या. मी म्हटलं, आई, तिथे चंद्र असूच शकत नाही, मी तुम्हाला खोटं सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ते त्यांना माहीत आहे. मी खोटं बोलत नाही, फक्त जास्त बोलते, असं त्यांचं म्हणणं. मग मी विचारलं, तुम्ही विमानात डोळे मिटून देवाला नेमकं काय म्हणत होता? प्रीतीचं बाळंतपण नीट होऊ दे, हेच ना?

आईंनी झाऱ्याने डिंक काढून कागदावर टाकला. गॅस बारीक केला.

"प्रीतीचं तं रोजच म्हनतो मी," त्या म्हणाल्या. "त्या वक्ताले तिचं नाई म्हटलं. मी म्हटलं देवा, माह्यं काय, मी राहीन उद्यालोक. पन हे पोरगी सकाळपासून माह्यापायी उपाशी हाय. मले खोटं सांगते का जेवली. मी तोंडात घास घेतल्याबिगर हे नाई घेनार. हिच्यासाठी तरी दाखव."

एवढं बोलून त्यांनी पुढचा डिंक तेलात सोडला, आणि मला सुंठ कुटायला दिली.

माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. या घरात उपास झाले ते मुलासाठी, मुलीसाठी, शेतासाठी, एकदा तर म्हशीसाठी. मी त्यावर हसत आले आणि आत कुठेतरी हेही वाटत आलं, की यात आपलं नाव नसतं. असायलाच हवं असंही नाही, मी कुठे मानते हे सगळं? तो पहिला तुकडा माझ्या तोंडात का आला, हे मला त्या दिवशी सुंठ कुटताना कळलं, आणि मी खाली मान घालून कुटत राहिले. आईंनाही ते दिसलं असणार, पण त्या सुंठेला नावं ठेवत बसल्या, की अमेरिकेची सुंठ डोळ्यांना फार लागते.

तो चंद्र कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचीन आणि पटलं तर मानीन. शाळा उघडल्यावर मी नेहमीप्रमाणे ध्रुवांचा धडा घेतला. जून महिन्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र उत्तर ध्रुवावर उगवत नाही, हे फळ्यावर लिहिलं, कारण ते खरं आहे. लिहून झाल्यावर बराच वेळ मला वर्गाकडे तोंड करता आलं नाही.